जेलमधला मेल फिल्टर अडला, तर शोध कुठून सुरू करायचा

सांगलीतल्या एका शिक्षण संस्थेची मेल व्यवस्था मी सांभाळते. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका मशीनवर वेगवेगळे जेल, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले कप्पे, आहेत. एकात पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर), अमाविस (मेल तपासून घेणारा फिल्टर) आणि स्पॅमअसॅसिन (स्पॅम ओळखणारा), दुसऱ्यात क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारा), तिसऱ्यात वेबमेल. अशी मांडणी कॉलेजांत, बँकांत, छोट्या होस्टिंगवाल्यांकडेही असू शकते. ती वर्षानुवर्षं निमूट चालते, आणि एक दिवस परीक्षा विभागातून फोन येतो: "मॅडम, सर्व्हर चालू दिसतोय, पण सकाळपासून एक मेल आलेला नाही." त्या वेळी काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं, ते इथे लिहिते आहे. हॉलतिकीट, स्कॉलरशिपची मुदत, फीची पावती हे सगळं आमच्याकडे मेलवर जातं. एक मेल हरवला तर एखाद्या मुलीचं वर्ष अडकू शकतं, म्हणून माझा क्रम थोडा सावध आहे.

आधी मेल वाचवायचे, मग दुरुस्तीला हात घालायचा. मेलच्या जेलमध्ये शिरा, पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफ या कॉन्फिग फाइलमध्ये 'सॉफ्ट_बाउन्स = येस' करा आणि रीलोड द्या. याने काय होतं? आपण चुकून एखादा मेल कायमचा नाकारला असता, तर पोस्टफिक्स त्याला ५०० च्या घरातला नकार न देता ४०० च्या घरातलं 'नंतर या' असं उत्तर देतो. पाठवणारा सर्व्हर मेल स्वतःकडे ठेवून पुन्हा प्रयत्न करत राहतो. क्यूमध्ये, म्हणजे पोस्टफिक्सच्या रांगेत, अडकलेले मेलही परत फिरत नाहीत. एरवीसुद्धा पोस्टफिक्स अडकलेला मेल ५ दिवस धरून ठेवतो, तेव्हा तासाभराच्या शोधाने काही बुडत नाही. घाईत क्यू रिकामी करणारा माणूस मात्र सगळं बुडवतो. 'पोस्टसुपर -डी ऑल' ही कमांड अशा दिवशी टाइपसुद्धा करू नका.

फिल्टर काढून मेल थेट सोडून द्या, असा सल्लाही कोणीतरी देतंच. मी तो मानत नाही. ज्या दिवशी फिल्टर बंद असतो त्याच दिवशी नकली बँकेचा मेल अकाउंट्स विभागात पोहोचतो, आणि तो परत घेता येत नाही. थांबलेला मेल दोन तासांनी पोहोचला तर चालतं.

आता क्यू बघा. 'पोस्टक्यू -पी' दिलं की प्रत्येक मेलखाली कंसात तो का अडला याचं कारण येतं. ते कारण नीट, शब्दन् शब्द वाचा, कारण इथेच अर्धा शोध संपतो. तीन प्रकारची वाक्यं दिसतात आणि तिन्हींचा अर्थ पार वेगळा आहे.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं असेल तर अमाविसच्या १००२४ पोर्टवर कोणी ऐकतच नाही. प्रोसेस मेली आहे किंवा भलत्या पत्त्यावर बसली आहे. 'लॉस्ट कनेक्शन व्हाइल रिसीव्हिंग द इनिशियल सर्व्हर ग्रीटिंग' असेल तर अमाविस जिवंत आहे, त्याने दार उघडलं, समोर कोण आहे ते पाहिलं आणि एक शब्द न बोलता दार लावलं. तिसरं वाक्य 'कॉन्व्हर्सेशन टाइम्ड आउट' आणि पुढे 'एंड ऑफ डेटा' असं काहीतरी. म्हणजे मेल आत घेतला गेला, पण तपासणी पूर्ण होईना. हा बहुतेक वेळा डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधण्याचा) किंवा क्लॅमएव्हीचा त्रास असतो.

रीस्टार्ट मारण्याआधी हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवा. रीस्टार्टने तात्पुरतं बरं वाटतं आणि पुरावा जातो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या कॅम्पसचं नेटवर्क नव्या रेंजवर गेलं. मेलच्या जेलला नवा पत्ता मिळाला, समजा १९२.१६८.१०.२५. जेल डॉट कॉन्फमध्ये तो व्यवस्थित बदलला होता, बाहेरून २५ नंबर पोर्ट उघडत होतं, सर्व प्रोसेस हिरव्या होत्या. तरी मेल अडले. क्यूमध्ये दुसरं वाक्य होतं, ग्रीटिंगआधीच कनेक्शन तुटल्याचं. जेलमधल्या मेललॉगमध्ये अमाविसची ओळ होती: 'डिनाइड ॲक्सेस फ्रॉम आयपी १९२.१६८.१०.२५'. पोस्टफिक्स आणि अमाविस दोघे एकाच जेलमध्ये, दोघांच्या कॉन्फिगमध्ये १२७.०.०.१ (लूपबॅक, म्हणजे मशीनने स्वतःशीच बोलायचा पत्ता) लिहिलेलं, मग हा १९२ चा पत्ता आला कुठून?

जेलमधल्या निम्म्या दुखण्यांचं मूळ हेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

जेलच्या आधीचा सीएचरूट, म्हणजे प्रोग्रॅमला एका फोल्डरात कोंडण्याची सोय, १९७९ च्या युनिक्स आवृत्ती ७ मध्ये आला, आणि तो फक्त फाइलींची भिंत घालतो. पॉल-हेनिंग कॅम्प यांनी केलेला जेल मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० बरोबर आला आणि त्याने प्रोसेस, युजर आणि नेटवर्क यांनाही भिंत घातली. साध्या जेलला, म्हणजे ज्याला व्हीनेट (स्वतंत्र नेटवर्क) दिलेलं नाही अशा जेलला, स्वतःचं लूपबॅक नसतं. त्याला जे पत्ते नेमून दिलेत तेवढेच त्याचे. आतल्या प्रोग्रॅमने १२७.०.०.१ मागितला आणि तो पत्ता जेलला दिलेला नसेल, तर कर्नल मुकाट्याने त्या जागी जेलचा पहिला पत्ता टाकतो. ऐकायला बसतानाही, आणि जोडणी करतानाही. प्रोग्रॅमला वाटतं आपण लूपबॅकवर आहोत. खरं तर तो १९२.१६८.१०.२५ वर बसलेला असतो आणि समोरून येणाराही त्याच पत्त्याने येतो. पोर्ट जुळतं, जोडणी होते, पण ज्या ज्या ठिकाणी 'फक्त १२७.०.०.१ ला परवानगी' अशी यादी आहे, ती प्रत्येक यादी नकार देते.

एका मेलच्या वाटेवर अशा याद्या किती आहेत बघा. अमाविसची 'आयनेट_एसीएल', जिच्यात सुरुवातीला फक्त लूपबॅक असतो. तपासणी झाल्यावर मेल परत घेणारा पोस्टफिक्सचा १००२५ नंबरचा दरवाजा, ज्याच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये १२७.०.०.०/८ लिहिलेलं असतं. तिथे 'ॲक्सेस डिनाइड' मिळतं. स्पॅमडी (स्पॅमअसॅसिनची सतत चालणारी प्रोसेस) वेगळा चालवत असाल तर त्याचं ७८३ पोर्ट, त्याच्या '-ए' पर्यायात जेलचा पत्ता नसेल तर लॉगमध्ये 'अनऑथराइज्ड कनेक्शन' येतं. आणि अनबाउंड, म्हणजे आतला डीएनएस, तो लूपबॅक सोडून इतरांना 'रिफ्यूज्ड' म्हणतो. चार वेगळी लक्षणं, कारण एकच. पत्ता बदलला की चारही एकदम उठतात आणि माणूस चार वेगळे आजार शोधत बसतो.

खात्री करून घ्यायला होस्टवरून, म्हणजे जेल ज्यावर चालतात त्या मूळ मशीनवरून, 'जेएलएस' द्या, जेलचा नंबर घ्या, आणि 'सॉकस्टॅट -४एल -जे' पुढे तो नंबर टाका. कुठली प्रोसेस खरोखर कुठल्या पत्त्यावर बसली आहे ते डोळ्यांनी दिसतं. कॉन्फिगमध्ये काय लिहिलंय यापेक्षा इथे काय दिसतंय ते खरं धरा. मग 'जेएक्सेक'ने आत जाऊन 'एनसी -व्ही' वापरून १००२४ ला जोडा. २२० ने सुरू होणारी 'सर्व्हिस रेडी'ची ओळ आली तर अमाविस तुम्हाला ओळखतो. शांतपणे तुटलं तर यादीत तुमचा पत्ता नाही.

दुरुस्ती अशी: १२७.०.०.१ जिथे जिथे आहे तिथे जेलचा खरा पत्ता लिहा, आकड्यांत. 'लोकलहोस्ट' हा शब्द टाळा, कारण होस्ट्स फाइलमध्ये त्याच्यासमोर आयपीव्ही६ चा पत्ताही असतो आणि जेलला आयपीव्ही६ दिलेलं नसेल तर नवाच गोंधळ सुरू होतो. याद्यांमध्ये एकच पत्ता घाला, शेवटी /३२ लावून. अख्खं /२४, म्हणजे पूर्ण रेंज, घालून मोकळं होण्याचा मोह होतो, पण मग त्या रेंजमधला व्हायरस लागलेला एखादा लॅबचा पीसीसुद्धा तुमच्या सर्व्हरमार्फत मेल पाठवू लागतो.

याचीच दुसरी बाजू अधिक गंभीर आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. लूपबॅकवर म्हणून बसवलेलं १००२५ प्रत्यक्षात नेटवर्कच्या पत्त्यावर उघडं आहे. हा दरवाजा फिल्टरच्या पलीकडचा. त्यातून आलेला मेल पुन्हा तपासला जात नाही. तेव्हा होस्टवरच्या पीएफ फायरवॉलमध्ये १००२४, १००२५, ७८३ आणि ३३१० ही पोर्टं बाहेरच्यांसाठी बंद करणारा नियम हवाच. दुसऱ्या जेलमधला क्लॅमएव्ही ३३१० वर ऐकत असेल तर त्याला फक्त मेलच्या जेलकडून वाट द्या.

व्हीनेट दिलेल्या जेलला किंवा डॉकरच्या कंटेनरला स्वतःचं खरं लूपबॅक असतं. तिथे चित्र उलटतं: १२७.०.०.१ आतल्या आत नीट चालतो, पण शेजारच्या कंटेनरमधली सेवा त्या पत्त्यावर कधीच सापडत नाही. आपल्याकडे कोणता प्रकार आहे हे आधी बघून घ्या.

आणखी एक फसवी गोष्ट. होस्टवरची एखादी सेवा सगळ्या पत्त्यांवर ऐकत असेल, तर जेलमधली सेवा मेली असतानाही जेलच्या पत्त्यावर उत्तर येतं, ते होस्ट देत असतो. म्हणून २५ नंबर पोर्टला जोडल्यावर स्वागताच्या ओळीतलं मशीनचं नाव वाचा. आणि आतून पिंग चालला नाही म्हणून नेटवर्कला दोष देऊ नका. पिंगला लागणारे रॉ सॉकेट जेलमध्ये मुळातच बंद असतात.

आता तिसरं वाक्य, टाइमआउटचं. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलसाठी स्पॅम पाठवणाऱ्यांच्या बऱ्याच डीएनएस याद्यांना विचारतो, आणि उत्तराची वाट साधारण १५ सेकंदांपर्यंत बघतो. जेलचा रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (डीएनएससाठी कोणाला विचारायचं ते सांगणारी फाइल) होस्टपेक्षा वेगळा असतो. होस्टवर डीएनएस चालतो म्हणून आतही चालेल असं धरू नका, आत जाऊन 'ड्रिल'ने विचारा. स्पॅमहाउस या यादीसाठी चाचणीची ठरलेली जोडी आहे: २.०.०.१२७ पुढे झेन डॉट स्पॅमहाउस डॉट ऑर्ग लावून विचारलं तर १२७.०.०.२ सारखं उत्तर यायलाच हवं, आणि १.०.०.१२७ ला काहीही येता कामा नये.

उत्तर १२७.२५५.२५५.२५४ आलं तर डीएनएस चालू आहे, पण तुम्ही गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारताय आणि स्पॅमहाउस त्याला उत्तर देत नाही. शेवटचा आकडा २५५ असेल तर तुमच्या प्रश्नांची संख्या फार झाली. यूआरआयबीएल या दुसऱ्या यादीच्या बाबतीत हेच मेलच्या हेडरमध्ये 'यूआरआयबीएल_ब्लॉक्ड' म्हणून दिसतं. इथे एक खरोखर धोक्याची जागा आहे: पोस्टफिक्समध्ये नुसतं 'रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट' आणि यादीचं नाव लिहिलं असेल, तर तो कुठल्याही उत्तराला 'यादीत आहे' असं समजतो. म्हणजे त्या चुकीच्या उत्तरावर तुमचा सर्व्हर जगातला प्रत्येक मेल नाकारतो. नावापुढे '=१२७.०.०.[२..११]' जोडून ठेवा.

उपाय म्हणून स्वतःचा अनबाउंड चालवायचा. फ्रीबीएसडीतला 'लोकल_अनबाउंड' सोपा आहे, पण त्याचं सेटअप आधीच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधले सर्व्हर उचलून फॉरवर्ड डॉट कॉन्फमध्ये घालतं. परिणामी प्रश्न पुन्हा त्याच सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे जातात. ती फाइल रिकामी करा, म्हणजे तो स्वतः मुळापासून शोधेल. आणि वर म्हटलं तसं, 'ॲक्सेस-कंट्रोल'मध्ये जेलचा पत्ता घाला.

डीएनएस ठीक असेल तर क्लॅमएव्हीकडे वळा. क्लॅमडी, म्हणजे क्लॅमएव्हीची सतत चालणारी प्रोसेस, एकटा १ जीबीहून जास्त मेमरी खातो, आणि व्हायरसची नवी व्याख्या लोड करताना जुनी नवी दोन्ही काही काळ मेमरीत असतात. जेलला आरसीटीएलने (मेमरी वगैरे किती वापरायची ते ठरवणारी सोय) मर्यादा घातली असेल, किंवा मशीनच तोकडं असेल, तर फ्रेशक्लॅमचं, म्हणजे व्याख्या आणणाऱ्या प्रोग्रॅमचं, अपडेट आलं की नेमका तेव्हाच क्लॅमडी मरतो. रोज साधारण एकाच वेळी मेल अडत असतील तर फ्रेशक्लॅमच्या लॉगमधली वेळ जुळवून बघा. जागा नसेल तर क्लॅमडीच्या कॉन्फिगमध्ये 'कन्करंटडेटाबेसरीलोड'ला 'नो' म्हणा. लोड होईपर्यंत स्कॅन थांबतं, पण प्रोसेस मरत नाही.

क्लॅमएव्ही वेगळ्या जेलमध्ये असेल तर अजून एक अडचण ठरलेली आहे. अमाविस मेल उलगडून आपल्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि क्लॅमडीला फक्त त्याचा पाथ कळवतो. क्लॅमडीच्या जेलमध्ये तो पाथ अस्तित्वातच नाही, म्हणून 'फाइल पाथ चेक फेल्युअर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. ते फोल्डर नलएफएसने (एक फोल्डर दुसऱ्या जागीही दाखवणारी सोय) दोन्हीकडे त्याच पाथवर माउंट करा, क्लॅमडीकडे फक्त वाचण्यापुरतं. शेवटी 'परमिशन डिनाइड' येत असेल तर क्लॅमएव्हीच्या युजरला अमाविसच्या ग्रुपमध्ये घालायचं राहिलं आहे. फ्रीबीएसडीवर तो ग्रुप 'व्हीस्कॅन' असतो. ग्रुपचा नंबर दोन्ही जेलमध्ये सारखा हवा, कारण कर्नल नाव बघत नाही, नंबर बघतो.

उरलेल्या गोष्टी भरभर सांगते. मेललॉग पूर्ण रिकामा असेल तर जेलमध्ये लॉग लिहिणारा सिसलॉगडी चालू नाही. जेलमध्ये 'डेव्हएफएस' माउंट नसेल तर डेव्ह-नल आणि डेव्ह-रँडम नसतात आणि टीएलएस, पर्ल वगैरे विचित्र चुका देतात. होस्टचं घड्याळ भारतीय वेळेवर आणि जेल यूटीसीवर असेल तर दोन लॉगमध्ये साडेपाच तासांचा फरक पडतो. घटना जुळवताना हे विसरलं की भलत्याच निष्कर्षाला पोहोचतो. जेलमधली लोकलटाइम फाइल बदलून घ्या. जेलचा यूजरलँड (कर्नल सोडून बाकीची सिस्टिम) होस्टच्या कर्नलपेक्षा नवा असू नये, हे पॅकेज अपग्रेड करण्याआधी बघा.

तपासण्या रूटने करू नका. 'स्पॅमअसॅसिन -डी --लिंट' रूटने चालवलं तर सगळं छान दिसतं, कारण रूट वेगळं होम फोल्डर आणि वेगळा बेजचा (आधीच्या मेलवरून शिकून स्पॅम ओळखणारा) डेटाबेस वापरतो. व्हीस्कॅन युजर होऊन चालवा. 'एसए-लर्न --डम्प मॅजिक' दिल्यावर स्पॅम आणि हॅम (चांगले मेल) दोन्हींचे आकडे किमान २०० दिसायला हवेत, त्याखाली बेज गुणच देत नाही. आणि कोणी भाषा ओळखणारं टेक्स्टकॅट प्लगइन चालू करून 'ओके_लँग्वेजेस'मध्ये फक्त इंग्रजी ठेवलं असेल तर ते आजच दुरुस्त करा. आपल्याकडचे मराठी मेल त्याने नकोशा भाषेचे ठरतात. तिथे 'एमआर' आणि 'एचआय' दोन्ही घाला. देवनागरीतला छोटा मजकूर कोणत्या भाषेतला हे त्याला नेहमी नीट ओळखता येत नाही.

दुरुस्ती झाली असं वाटलं की तीन मेल पाठवून बघा. एक साधा. एक जीट्यूबची ठरलेली ओळ घातलेला. त्याला स्पॅमअसॅसिन १००० गुण देतो, तेव्हा तो अडलाच पाहिजे. एक आयकारची ६८ बाइटची चाचणी फाइल जोडलेला, क्लॅमएव्हीसाठी. साध्या मेलचे हेडर उघडून त्यात एक्स-स्पॅम-स्टेटस आहे का ते बघा. नुसता मेल पोहोचला म्हणून समाधान मानू नका, तो तपासून पोहोचला का हे महत्त्वाचं.

मग क्यू सोडायची. पोस्टफिक्स मेल घेताना तो कुठल्या फिल्टरकडे जाणार हे क्यूच्या फाइलीतच लिहून ठेवतो. तुम्ही पत्ता बदललात तरी अडकलेले मेल जुन्याच पत्त्याचा हट्ट धरतात, आणि लोकांना वाटतं दुरुस्ती झालीच नाही. 'पोस्टसुपर -आर' देऊन आधी एकच मेल, त्याच्या क्यू आयडीने, परत रांगेत घाला. तो लॉगमध्ये १००२४ वर जाताना आणि १००२५ ने परत येताना पूर्ण बघा. मग 'पोस्टसुपर -आर ऑल'. मास्टर डॉट सीएफमधला अमाविसचा मॅक्सप्रॉक (एका वेळी किती प्रोसेस चालतील तो आकडा) आणि अमाविसचा 'मॅक्स_सर्व्हर्स' सारखाच असू द्या, म्हणजे साठलेली गर्दी फिल्टरला झेपेल तेवढीच आत जाईल. या वेळी ते आकडे वाढवू नका. मेमरी संपून क्लॅमडी पुन्हा पडेल.

क्यू रिकामी झाली की 'सॉफ्ट_बाउन्स' परत 'नो' करा आणि रीलोड द्या. हे राहून गेलं तर चुकीच्या पत्त्यावरचे मेलही परत जात नाहीत आणि पाठवणाऱ्याला दिवसेंदिवस काही कळत नाही. सर्वांत शेवटी लॅबमधल्या एखाद्या पीसीवर बसून जेलच्या पत्त्यावर १००२५ ला जोडायचा प्रयत्न करा. जोडणी झाली तर पीएफचा नियम अजून अपुरा आहे.